चाचणी खऱ्याखुऱ्या डेटावरच हवी

सहकारी पतसंस्थांचे डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. ३१ मार्च जवळ आला की व्याज आकारणीच्या प्रोग्रॅममध्ये बदल येतात आणि दरवर्षी तोच वाद होतो, चाचणी कशावर करायची? पूर्ण कॉपीला वेळ लागतो, डिस्क पुरत नाही, म्हणून हातानं भरलेल्या पाच-पन्नास खात्यांवर भागवतात. त्यांत मयत खातेदार नसतो, अज्ञान मुलाच्या नावची ठेव नसते, जन्मतारीख कोरी राहिलेलं जुनं खातं नसतं. प्रोग्रॅम अडतो तो नेमका अशाच खात्यांवर, आणि पासबुक घेऊन आलेल्या म्हाताऱ्या ठेवीदाराला हेलपाटे पडतात.

वेळ आणि डिस्कची ही सबब आता कुणी ऐकून घेऊ नये. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली झेडएफएस ही फाइलसिस्टिम २००५ साली खुली झाली. ती भरलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहीत नाही, प्रत्येक बदल नव्या जागी ठेवते. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीचे ब्लॉक राखून ठेवणं. त्यावरून क्लोन (बदल करता येणारी प्रत) काही सेकंदांत निघतो आणि जेवढा बदल कराल तेवढीच नवी जागा खातो. पथ्य एकच: पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा आणि त्याचा वॉल (बदलांची आधी होणारी नोंद) एकाच क्षणी टिपले गेले पाहिजेत. मग वीज गेल्यावर सर्व्हर सावरतो तसाच क्लोन स्वतःहून सावरतो.

असा स्नॅपशॉट किती कामी येतो याचं एक उदाहरण. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता. तारलं ते सहा तासांपूर्वी चाचणीसाठी घेतलेल्या एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-व्यवस्था) स्नॅपशॉटनं. (तरीही स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. त्याच डिस्कवर असला तर डिस्कबरोबर तोही जातो.)

माझा खरा आग्रह पुढेच आहे. त्या क्लोनमध्ये माणसांची नावं, आधार, पॅन, मोबाइल नंबर असतात. ते प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर जाता कामा नयेत. पहिल्या क्लोनमध्ये ओळख पटेल असं सगळं बदलावं. शिल्लक, तारखा, कोरे रकाने मात्र तसेच ठेवावेत. मग त्याचा नवा स्नॅपशॉट घ्यावा आणि चाचणीचे क्लोन फक्त त्यावरून द्यावेत. मूळ स्नॅपशॉटमध्ये खरी नावं शिल्लकच असतात, म्हणून तो कुणाच्या हाती लागू देऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ही जबाबदारी डेटा बाळगणाऱ्या संस्थेवर टाकतो. तेव्हा संचालक मंडळानं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला मार्चच्या आधीच लेखी विचारावं: चाचणी कोणत्या डेटावर केली, आणि तो कुणी कुणी पाहिला?