घरपत्त्याचा बाजार

डोमेन नाव विकत घेतलेल्या कोणालाही विचारा. पैसे भरले की एक-दोन दिवसांत अनोळखी फोन सुरू होतात. वेबसाइट बनवून देतो, लोगो करून देतो, गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. फोन करणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक असते, तुम्ही कोणते डोमेन घेतले हे ठाऊक असते, कधी घेतले तेही. यातले काहीच चोरावे लागत नाही. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा नावांसाठी रजिस्ट्रार कंपनी नाव, टपालाचा पत्ता, ई-मेल आणि फोन क्रमांक मागते. हा तपशील ‘हूइज’ या शोधसेवेतून जगातल्या कोणालाही, कसलेही कारण न सांगता, फुकट पाहता येत असे. तो झाकण्याची सोय नसेल, किंवा नोंदणी करताना ती निवडायची राहून गेली असेल, तर आजही तो उघडा पडू शकतो.

हा झाकपाकीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयातील एका खटल्यामुळे ऐरणीवर आला आहे. डाबरच्या नावाशी मिळतीजुळती डोमेन नावे घेऊन भामट्यांनी एजन्सी देण्याच्या आमिषाने लोकांकडून पैसे उकळले. इतर नामांकित कंपन्यांच्या नावानेही हेच घडले आहे. गुन्हेगार अज्ञात असला की दाव्यात प्रतिवादी म्हणून ‘अशोक कुमार’ असे काल्पनिक नाव लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. हा दावाही त्याच नावाने लढला गेला. रजिस्ट्रारनी नोंदणीदाराचा तपशील आपोआप झाकू नये, ज्याला हवे असेल त्याने तसे मागून घ्यावे आणि त्याचे वेगळे पैसे मोजावेत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. फसवल्या गेलेल्या माणसांची कणव त्यामागे आहे. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभराची पुंजी गमावली आहे. रजिस्ट्रारनी ग्राहकाची ओळख पडताळावी आणि तपासाला लागणारा तपशील मुदतीत द्यावा, ही अपेक्षाही योग्यच आहे. पण सर्वांचा पत्ता उघडा ठेवणे हा नियम आणि झाकणे हा पैसे मोजून मिळणारा अपवाद, हे आम्हाला मान्य नाही.

भामटा आपला खरा पत्ता लिहीत नाही. तो दुसऱ्याचे नाव, बनावट ई-मेल आणि कुणाच्या तरी नावावर घेतलेले सिमकार्ड वापरतो. शिवाय झाकण्याचे पैसे मोजायला तो एका पायावर तयार असतो, कारण ते त्याच्या धंद्याच्या भांडवलातच मोडतात. खरा पत्ता लिहिते ती घरगुती मसाले विकणारी बाई, शिकवण्या घेणारा शिक्षक, कवितांचे संकेतस्थळ चालवणारा निवृत्त कारकून. कौटुंबिक हिंसाचारातून सुटू पाहणाऱ्या स्त्रियांना सल्ला देणारी समुपदेशक आपल्या कामासाठी वेबसाइट काढते, तेव्हा तिच्याकडे वेगळे कार्यालय असतेच असे नाही. नोंदणीत तिच्या घराचा पत्ता जातो. चिडलेल्या नवऱ्यांनी तो शोधून काढला, तर जबाबदार कोण?

आपल्या देशाला हा धोका नवा नाही. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. माहिती मागणाऱ्यांवर हल्ले होत राहिले आणि अर्जावरचा घरपत्ता हीच भीतीची गोष्ट होऊन बसली. २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने अर्जदाराकडून सविस्तर पत्त्याचा आग्रह धरू नये, पोस्ट बॉक्स क्रमांकही पुरेसा मानावा, असे सांगितले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने तसे परिपत्रक काढले. सरकारला प्रश्न विचारणाऱ्याचा पत्ता जपायचा हे आपण तेव्हा ठरवले. तोच माणूस आपल्या गावच्या कारभारावर लिहिण्यासाठी वेबसाइट काढतो, तेव्हा त्याला निराळा न्याय लावता येणार नाही.

हूइजचा जन्म १९८२ चा आहे. तेव्हा अर्पानेटवर मोजकी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि अमेरिकी संरक्षण खात्याची केंद्रे होती. एखादे यंत्र बिघडले तर त्याच्या माणसाला फोन करता यावा, एवढ्यासाठी ती यादी होती. पुढे इंटरनेट घराघरांत पोहोचले, पण यादीचे दार तसेच सताड उघडे राहिले. युरोपातील विदासुरक्षा अधिकाऱ्यांनी २००३ मध्येच यावर लेखी आक्षेप घेतला होता. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने तो पंधरा वर्षे टोलवला. २५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर कायदा लागू होणार आणि जबर दंड बसणार हे दिसल्यावर, जेमतेम आठवडाभर आधी आयकॅनने व्यक्तिगत तपशील झाकू देणारा तात्पुरता नियम केला. त्यानंतर बहुतेक मोठ्या रजिस्ट्रारनी सगळ्याच देशांतील ग्राहकांचे तपशील झाकले. भारतीयांना मिळालेले संरक्षण हे असे युरोपच्या कायद्याच्या आडोशाने आलेले आहे. आपल्या कायद्याने ते दिलेले नाही.

आपला डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात एक मेख आहे. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या, किंवा कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. नोंदणीच्या पानावरची एक चौकट टिचकी न मारता राहिली, तर त्या माणसाने आपला पत्ता आपणहून जाहीर केला, असा अर्थ कोणी कंपनी लावू शकेल. मग ज्या कायद्याकडे दाद मागायची त्याचेच दार बंद. शिवाय हूइजच्या जुन्या नोंदींचे साठे करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. तपशील एकदा त्या साठ्यात गेला की नंतर पैसे भरून झाकल्याचा काही उपयोग उरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी काय झाकलेले असते, याला इतके महत्त्व आहे.

याची दुसरी बाजूही खरी आहे. २०१८ नंतर शोधपत्रकारांचे आणि सायबर सुरक्षा अभ्यासकांचे काम अवघड झाले. एकाच ई-मेलवरून नोंदवलेल्या शेकडो बनावट साइट्सचे जाळे पूर्वी हूइजवरून उलगडता येत असे. आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये झाकलेला तपशील मागण्याची एक सेवा सुरू केली, पण तीत सहभागी होणे रजिस्ट्रारच्या मर्जीवर ठेवले. हे बदलले पाहिजे. पोलिसांना, न्यायालयाला, तसेच ज्याच्या नावाचा गैरवापर झाला त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळाले पाहिजे, आणि न देणाऱ्या रजिस्ट्रारला भारतात धंदा करणे महाग पडले पाहिजे. गुन्ह्याच्या तपासासाठी विदा कायद्यात सूट आहेच. त्यामुळे गोपनीयता तपासाच्या आड येते ही तक्रार टिकत नाही. आड येते ती रजिस्ट्रारची टाळाटाळ.

ग्राहकाला विक्रेता कोण हे कळायला हवे, यातही दुमत नाही. त्यासाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. कंपन्यांची नावे आणि कार्यालयांचे पत्ते नोंदवहीत खुशाल उघडे असावेत, कारण कंपनीला घर नसते. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आणले. पडताळणी झालेल्या बँकेलाच ते मिळते आणि खरी बँक ओळखण्यासाठी ग्राहकाला कोणाचा घरपत्ता शोधावा लागत नाही. ‘निक्सी’ ही भारतीय संस्था चालवत असलेल्या डॉट इनच्या सार्वजनिक नोंदीतही व्यक्तीचे नाव-पत्ता झाकलेले असते. संस्था, राज्य आणि देश तेवढे दिसतात. जे डॉट इनला जमते ते डॉट कॉम विकणाऱ्यांना न जमायला कारण नाही.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. त्या हक्काची वर्षाकाठी फी घेण्याची मुभा रजिस्ट्रारना असू नये. माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विदा कायद्याच्या उरलेल्या तरतुदी लागू होण्याआधीच स्पष्ट निर्देश काढावेत: भारतातील कोणत्याही व्यक्तीचा नोंदणी-तपशील पहिल्या दिवसापासून आणि विनामूल्य झाकलेला राहील, ओळख पडताळण्याचा खर्च रजिस्ट्रार सोसेल, आणि कोणी कोणाचा तपशील मागितला याची नोंद ठेवून ती संबंधित व्यक्तीला, तपास संपल्यावर का होईना, कळवली जाईल.