भेसळीचे वजन, कैदेची वर्षे

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 2001 साली मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची श्रेणी ठरवण्यात आली, तेव्हा किरकोळ वाहक आणि मातब्बर व्यापारी यांत विवेक केला जाईल अशी रास्त अपेक्षा होती; परंतु वजन भेसळीसकट धरावे असा निर्णय 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्यापासून, ज्याने पोटासाठी अडीचशे ग्रॅमहून किंचित अधिक, बहुतांशी भेसळीच भरलेले हेरॉइनचे पुडके पोचवले, त्या निःशस्त्र इसमालाही किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि लाखाचा दंड चुकत नाही. न्यायाधीशाने त्याची कैफियत कितीही सहानुभूतीने ऐकली, तरी त्याहून कमी शिक्षा देण्याचा अखत्यार त्याला नाही. कलम 37 मुळे जामीन दुर्लभ, आणि कलम 32-अ मुळे, जी सजेतील सूट खुन्यालाही मिळू शकते (हे विशेष!), ती याला नाही. याच कायद्यातील अनिवार्य फाशी मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली घटनाविरोधी ठरवली, ती न्यायाधीशाचा विवेकाधिकार हिरावला जातो म्हणून. तेच तत्त्व दहा वर्षांच्या सक्तीला का लागू नसावे? हिंसेचा लवलेश नसलेल्या वाहकांपुरती तरी ही किमान मर्यादा संसदेने रद्द करावी.