तीन कोटींतले वीस लाख

आमचा नातू सकाळी आठ वाजता आपण होऊन उठला आहे, हे दृश्य मी त्याच्या जन्मापासून प्रथमच पाहिले ते ७ जानेवारी २०२५ रोजी. आदल्या रात्री तो आमच्याकडे मुक्कामाला आला होता. उठून त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, आजीने दिलेली पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि तो पडद्याकडे डोळे लावून बसला. क्रिकेट असावे असा माझा समज झाला, पण सिडनीची कसोटी तर रविवारीच आटोपली होती, आणि तिची आठवण घरात कोणाला नको होती. "आजोबा, बसा, आज नवी कार्डं येतायत," तो म्हणाला. पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कार्ड म्हटले की एकच गोष्ट आठवते. मी विचारले, "कुठल्या बँकेची?" त्याने माझ्याकडे अशा काही दयेने पाहिले की मी मुकाट्याने शेजारी बसलो.

पडद्यावर लास व्हेगास होते. तिथे अजून ६ तारखेची संध्याकाळ होती. दर जानेवारीत तिथे सीईएस नावाचे विद्युत्-उपकरणांचे आणि संगणकांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणासाठी एका प्रचंड सभागृहात हजारो माणसे जमली होती, आणि व्यासपीठावर चकचकीत काळे कातडी जाकीट घातलेला, पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ येरझारा घालत होता. हे एनव्हिडिया कंपनीचे जेन्सन ह्वांग. जन्म १९६३, तैवानमधला. म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आमच्यापैकी कोणी या वयात असले जाकीट घालून बाजारात गेले असते तर काय झाले असते, हा विचार बाजूला सारून मी ऐकू लागलो.

गृहस्थाने हातात एक काळा ठोकळा धरून दाखवला. साधारण डब्याएवढा, पंखे बसवलेला. संगणकावर खेळ खेळताना पडद्यावर जे चित्र दिसते ते तयार करणारे हे ग्राफिक्स कार्ड. नाव आरटीएक्स ५०९०. आत ९,२०० कोटी ट्रान्झिस्टर, ३२ जीबी स्मृती, किंमत १,९९९ डॉलर. भारतातली किंमत जाहीर झाली ती २ लाख १४ हजार रुपये. मी चहाचा कप खाली ठेवला. मी नोकरीला लागलो तेव्हा एवढ्या पैशात तालुक्याच्या गावी बंगला बांधून वर वास्तुशांत झाली असती. विजेचे म्हणाल तर ऐन भरात असताना हे एकटे कार्ड ५७५ वॉट खाते, म्हणजे चार तास खेळलात की सव्वादोन युनिटांहून अधिक. आमच्या हिने तेवढाच आकडा नेमका ऐकला आणि स्वयंपाकघरातूनच "बापरे" म्हटले.

हे कार्ड करते तरी काय, हे समजून घ्यायला मला फार त्रास पडला नाही, कारण मी जुन्या बँकेतला माणूस आहे. ज्यांनी सहामाही क्लोजिंग पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. जून आणि डिसेंबरच्या अखेरीला बचत खात्यांचे व्याज काढायचे असे. शाखेत चार हजार खाती. शाखाधिकारी कितीही हुशार असला तरी एकटा बसून महिना लागला असता. म्हणून लेजरे वाटली जात. प्रत्येक कारकुनापुढे एक लेजर, प्रत्येकाचे काम तेच: रक्कम पाहा, गुणा, लिहा, पुढचे पान. बँकेच्या खर्चाने बटाटेवडे येत आणि रात्री अकरापर्यंत सगळी शाखा गुणाकार करीत बसे. संगणकातला नेहमीचा प्रोसेसर हा शाखाधिकारी. त्याला सगळे येते, पण तो एकामागून एक कामे करणार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कारकुनांचे दालन. त्यांना गुणाकार-बेरजेपलीकडे फारसे कळत नाही, पण ते सगळे एकदम लिहितात. ५०९० मध्ये असे २१,७६० कारकून आहेत.

आणि एवढे लागतात, कारण काम तसेच आहे. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा, आणि चित्र हलते दिसायला हवे असेल तर सेकंदाला साठ वेळा काढायचा. म्हणजे सेकंदाला पन्नास कोटी ठिपके. त्यात प्रकाशाचा किरण भिंतीवर आपटून पाण्यात कसा पडेल, पाण्यातून तलवारीच्या पात्यावर कसा चमकेल, हेही आता गणिताने काढतात. (पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम महासंगणक उभा केला त्यामागेही अनेक लहान प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याचीच कल्पना होती. तेव्हा त्याचा आम्हाला कोण अभिमान वाटला होता! फक्त त्यावर कोणी खेळेल असे वाटले नव्हते.)

इथवर माझे समाधान होते. मग ह्वांग यांनी एक हिशेब सांगितला, आणि माझ्यातला तपासनीस जागा झाला. ते म्हणाले की चार चित्रांचे मिळून ३ कोटी ३० लाख ठिपके होतात, आणि त्यांतले आम्ही फक्त २० लाख प्रत्यक्ष गणित करून काढतो. उरलेले? उरलेले यंत्र अंदाजाने भरते. पहिले चित्र लहान आकारात काढायचे आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे करायचे. आणि मग एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत चित्रे केवळ अनुमानाने मधे घालायची. सोळा ठिपक्यांतला एक खरा, पंधरा मनचे!

मी म्हटले, "आमच्या बँकेत एखाद्या कारकुनाने सोळा खात्यांतल्या एकाचे व्याज काढून पंधरांचे अंदाजाने लिहिले असते, तर त्याला दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद मिळाला असता."

"पण आजोबा, दिसतं ना बरोबर!"

"दिसणं वेगळं आणि असणं वेगळं."

यावर तो जे बोलला ते मला अजून पचवता आलेले नाही. "मग तुमच्या कादंबरीत तुम्ही वाड्याच्या सगळ्या खोल्या कुठे लिहिल्यात? माजघर लिहिलंय आणि विहीर. बाकीचा वाडा मीच बांधला ना?"

त्याने माझी कादंबरी वाचली आहे, ही मला नवीनच माहिती होती.

मुद्दा मात्र मी सोडला नाही, आणि पुढे दिसून आले की अगदीच चुकीचाही नव्हतो. त्याच भाषणात ५४९ डॉलरचे धाकटे कार्ड, आरटीएक्स ५०७०, हे आधीच्या पिढीतल्या १,५९९ डॉलरच्या ४०९० एवढे काम करील असे सांगण्यात आले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्चमध्ये ते बाजारात आले. परीक्षकांनी मधली अनुमानाची चित्रे वगळून मोजले तेव्हा ते ४०९० च्या बरेच मागे राहिले. शिवाय आणखी एक गोम आहे. मधले चित्र काढायला पुढचे खरे चित्र आधी तयार लागते, ते क्षणभर रोखून धरावे लागते. म्हणून चित्र लोण्यासारखे सरकते, पण बटण दाबल्यावर हात उचलला जाण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. ताळेबंद देखणा, रोकड तेवढीच. हे नातवानेच मला नंतर सांगितले, आणि सांगताना त्याचा चेहरा पडला होता. पोरगा प्रामाणिक आहे.

या कंपनीची कुळकथा मी त्यानंतर मिळेल तिथून वाचली. १९९३ साली तिघांनी ती काढली. बोलणी झाली ती सॅन होजेमधल्या डेनीज नावाच्या खाणावळीत. ह्वांग तरुणपणी अशाच खाणावळीत बशा विसळत असत. १९९५ मध्ये पहिली चिप आली आणि पडली. मग सेगा या जपानी खेळ-कंपनीसाठी चिप बनवण्याचे काम हाती होते, पण आपण धरलेला मार्गच चुकीचा आहे हे त्यांना मध्येच उमगले. ह्वांग यांनी सेगाच्या प्रमुखाला सरळ जाऊन सांगितले: हे काम पुरे करण्यात अर्थ नाही, तुम्ही दुसरा कोणी पाहा, पण पैसे मात्र आम्हाला द्या, नाहीतर आम्ही बुडतो. आणि त्या भल्या माणसाने दिले! निम्म्याहून अधिक माणसे कमी करून कंपनीने त्या पैशावर सहा महिने काढले आणि १९९७ मध्ये रिव्हा १२८ ही चिप बाजारात आणली. तिच्यावर ती तरली. तैवानमधल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २०२३ साली ह्वांग यांनीच हे सांगितले आहे.

मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? तारण शून्य, मागील काम फसलेले, पुढील काम अनिश्चित, आणि अर्जदार स्वतःच म्हणतो की ठरलेला माल देणार नाही. मी त्यावर लाल पेन्सिलीने जे लिहिले असते ते दोन शब्दांत मावले असते.

लिहिलेही आहे. १९८५ साली मी एका तालुक्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. सुशिक्षित बेरोजगारांच्या योजनेत २५ हजारांपर्यंत कर्जे देत होतो: पिठाची गिरणी, झेरॉक्स, सायकलचे दुकान. एक मुलगा आला. बी.एस्सी. झालेला, पायांत स्लिपर. त्याला एस.टी. स्टँडसमोर व्हिडिओ गेमचे पार्लर काढायचे होते. दोन यंत्रे मुंबईहून आणणार होता; आणि हे त्याने खालच्या आवाजात सांगितले, पुढे ती उघडून दुरुस्त करायला शिकणार होता. एका वहीत त्याने कसल्याशा सर्किटांच्या आकृत्या काढल्या होत्या. मी वही चाळली. मला त्यातले काही कळले नाही, आणि जे कळत नाही त्याला नाही म्हणणे हे आमच्याकडे सावधपणाचे लक्षण समजले जाई. वर मी त्याला चार शब्द सुनावलेही. पोरांना बिघडवण्यासाठी सार्वजनिक पैसा नाही, असे काहीसे. त्याने वही मिटली, नमस्कार केला आणि गेला. पुढे त्याचे काय झाले मला ठाऊक नाही. पार्लर त्याच्याशिवायही वर्षभरात निघाले, दुसऱ्या कोणीतरी काढले, आणि पोरे जेवढी बिघडायची तेवढीच बिघडली. शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तेव्हा बंद पडलेल्या यंत्राभोवती आम्ही सगळे पदवीधर हात बांधून उभे होतो, आणि मला ती वही आठवली होती.

खेळासाठी बनवलेली वस्तू पुढे कुठे जाईल हे बनवणाऱ्यालाही पुरते सांगता येत नाही. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने दुकानात मिळणारी दोन खेळांची कार्डे, जीटीएक्स ५८०, घरातल्या संगणकात बसवली आणि चित्रांतील वस्तू ओळखणारा कार्यक्रम तयार केला. त्या वर्षीच्या इमेजनेट स्पर्धेत त्याने इतरांना मैलोगणती मागे टाकले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेने सगळ्यांची झोप उडवली आहे, तिचा उगम बऱ्याच अंशी त्या खोलीत आहे. आता स्थिती अशी की जानेवारी २०२५ अखेर संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची एकूण विक्री १३,०५० कोटी डॉलर होती, तीत खेळांचा वाटा सुमारे १,१३५ कोटींचा, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. ज्या पोरांच्या खाऊच्या पैशांवर पेढी उभी राहिली, ती पोरे आता काउंटरच्या मागच्या रांगेत उभी आहेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला तो अर्ज घेऊनच. त्याला ते धाकटे कार्ड, ५०७०, हवे होते. जाहीर किंमत ५९ हजार. भेट नको, कर्ज हवे. जावई आधीच विरोधात. पुढे बारावीचे वर्ष, आणि वर्तमानपत्रांत ऑनलाइन खेळांत पैसे घालवून बसलेल्या मुलांच्या बातम्या. (पैसे लावून खेळायच्या त्या प्रकारावर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदीही आली. पण नातवाचे खेळ ते नव्हेत. हे मी जावयांना समजावून पाहिले. कितपत पटले कोण जाणे.) मुलगी मधल्या मधे. मी म्हटले, रीतसर प्रकल्प अहवाल दे.

त्याने दिला. दोन पाने, स्वच्छ अक्षर. कार्डावर खेळणार हे लपवले नव्हते. रोज किती वेळ, तेही लिहिले होते. शिवाय त्रिमिती चित्रांचा एक मोफत मिळणारा कार्यक्रम शिकून पुढे ओळखीच्या वास्तुविशारदाकडे सुट्टीत काम करणार, आणि त्यातून चोवीस हप्त्यांत फेड. मी लाल पेन्सिल काढली. एक चूक सापडली: या कार्डाला किमान ६५० वॉटचा वीजपुरवठा करणारा डबा लागतो, आणि त्याच्याकडचा ४५० चा. तो खर्च अहवालात धरलाच नव्हता. मी गोल केला, "सुधारून आणावे" असे लिहिले आणि कागद परत दिला. तो जरा खट्टू झाला. मग खाली बसून बेरीज पुन्हा मांडू लागला.

संध्याकाळी सुधारित अर्ज आला. हप्ते अठ्ठावीस झाले होते, आणि जामीनदाराच्या रकान्यात हिची सही होती. मला न विचारता केलेली, पूर्ण नावाने, तारखेसह.