उपासनेतला आपला वाटा परत घ्या

दुधनी, मैंदर्गी, अक्कलकोट आणि आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

रविवारच्या उपासनेबद्दल थोडं मोकळेपणाने सांगायचं आहे. उपासना कुणाच्या घरात भरत असो की चर्चमध्ये, माणसं दहा असोत की दोनशे, हल्ली पुष्कळ ठिकाणी चित्र एकच दिसतं. पुढे उभा असलेला माणूस गातो, तोच प्रार्थना करतो, तोच वचन वाचतो आणि तोच ते समजावून सांगतो. बाकीचे ऐकतात, आमेन म्हणतात, दानार्पण करतात आणि घरी जातात. माईक आणि कीबोर्ड आल्यापासून तर मंडळीचा आवाज मंडळीलाच ऐकू येईनासा झाला आहे. हे बदललं पाहिजे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याची फारशी गरज नाही.

काही जण म्हणतात, आपली पद्धत पहिल्यापासून अशीच आहे, साधी आणि उपदेशाची. मिशनरी लोकांनी हेच शिकवलं. साधेपणाचं खरं आहे. गप्प बसण्याचं मात्र खरं नाही.

आपलं घराणं जरा आठवून पाहा. सोलापूर भागात 1860 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. ते काँग्रिगेशनल मंडळींचं मिशन. तिकडे कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्येच आले होते आणि 1870 पासून तिथलं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा ती मंडळीही तिच्यात सामील झाली. या दोन्ही प्रवाहांचं मूळ शोधत गेलं की आपण धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात पोचतो.

तिथे काय चालत होतं? धर्मसुधारणेच्या आधी चर्चमधलं गाणं बहुतेक धर्मगुरूंचं आणि गायकवृंदाचं, तेही लॅटिनमध्ये. कॅल्व्हिनने स्तोत्रं लोकांच्या बोलीत, पद्यात आणि चालीवर करून घेतली. ते काम 1562 मध्ये पुरं झालं. दुकानदार, लोहार, बायका, मुलं सगळे ती स्तोत्रं गाऊ लागले. उपासनेच्या आरंभीच पापांगीकार असे. आणि प्रभुभोजन निदान आठवड्यातून एकदा व्हावं असं कॅल्व्हिनचं ठाम मत होतं. नगरपरिषदेने ते मानलं नाही, वर्षातून चार वेळाच परवानगी दिली. म्हणजे 'प्रभुभोजन क्वचितच घ्यायचं असतं' हा समज ज्यांच्या नावावर खपतो, त्यांनीच त्याला विरोध केला होता. गावोगावच्या पंचांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पुढे 1645 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभेने उपासनेसाठी जी मार्गदर्शिका केली, ती स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने स्वीकारली. तिच्यातल्या दोन सूचना आपल्या गावांसाठीच लिहिल्यासारख्या आहेत. पहिली अशी, की दर उपासनेत सहसा जुन्या कराराचा एक आणि नव्या कराराचा एक असे पूर्ण अध्याय वाचावेत. दुसरी अशी, की मंडळीत पुष्कळांना वाचता येत नसेल तर पाळकाने किंवा नेमलेल्या माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी आणि मग सर्वांनी ती गावी. पुढच्याने ओळ सांगायची आणि मागच्यांनी उचलायची, ही रीत आपल्याकडे काय नवी आहे? गावातल्या कुठल्याही भजनाला जाऊन बसा, हेच चाललेलं असतं.

आपल्याच लोकांनी हे ओळखलंही होतं. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, पदं रचली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि 1919 मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला भजनं, अभंग आणि गीतं दिली. 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी त्यांचं नाव दिसतं. परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी शब्दांपेक्षा आपल्या वृत्तात, आपल्या चालीत म्हटलेलं माणसाच्या ओठांवर राहतं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही, तिला टिळकांची भजनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असतात. तीच आजी भिंतीवरच्या पडद्यासमोर, पुढे सरकणाऱ्या ओळींकडे बघत मुकी उभी राहते. मला हे बघवत नाही.

तरुणांची नवी गाणी नकोत असं मी म्हणत नाही. ती जरूर गा. फक्त गाणं निवडताना एवढं पाहा, की मंडळीतल्या शेवटच्या माणसाला ते दोन-तीन रविवारांत म्हणता येईल का. येत नसेल तर ते ऐकवण्याचं गाणं आहे. उपासनेत त्याची जागा थोडी ठेवा. आणि पेटी-तबल्याचा आवाज माणसांच्या आवाजाखाली राहू द्या.

सुरुवात कुठून करावी? मी सांगेन, 136 व्या स्तोत्रापासून करा. त्यात 26 वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे. एकाने पूर्वार्ध वाचायचा, सर्वांनी उत्तरार्ध म्हणायचा. पुस्तक लागत नाही, चष्मा लागत नाही. दहाव्या वचनापर्यंत पोरंसुद्धा न सांगता म्हणू लागतात. पूर्वार्ध वाचायला दर वेळी वेगळा माणूस उभा करा. एकदा एखादी नववीतली मुलगी, एकदा शेतावरून आलेला गडी. वाचताना अडखळलं तरी चालेल. आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने वाचून यायला मात्र सांगा, कारण वचन हे गडबडीत उरकायचं काम नाही.

आपला भाग सीमेवरचा. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. मग देवासमोर एकच भाषा कशाला? प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने म्हणावी. शास्त्रपाठ एक मराठीत, एक कन्नडमध्ये व्हावा. सीमेपलीकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने 1950 मध्ये प्रभुभोजनाचा जो विधी तयार केला, त्यात मंडळीने द्यायची उत्तरं आहेत, आणि शांतीचं अभिवादन हातातून हातात शेवटच्या माणसापर्यंत जातं. ही रीत त्यांनी केरळच्या जुन्या सिरियन परंपरेतून घेतली. त्या विधीकडे पाहून जगातल्या इतर मंडळ्यांनी आपले विधी सुधारले. आपल्या शेजारची ही गोष्ट आपण वापरायला संकोचू नये. ज्या दोन घरांत बोलणं बंद आहे, त्यांचेही हात त्या ओळीत एकमेकांपर्यंत पोचतात, हे विसरू नका.

प्रभुभोजनाबाबत एक इशारा देतो. ते वारंवार व्हावं म्हणून कुणीही उठून भाकर मोडू नये. आपल्या शिस्तीत तो अधिकार दीक्षित पाळकाचा आहे आणि मंडळीतले वडील त्यांना साहाय्य करतात. त्यापेक्षा पाळकसाहेबांना लेखी विनंती करा, की महिन्यातून एकदा तरी या. त्यांच्याकडे बऱ्याच गावांचा भार असतो. गाडीभाडं मंडळीने वर्गणीतून द्यावं, स्टेशनवर घ्यायला माणूस जावा, जेवायला कुणाच्या घरी ते आधी ठरलेलं असावं. आणि त्याच फेरीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाळक आणि वडील मिळून जावेत.

पाळक नसतील त्या रविवारी उपासना बंद ठेवू नका. पापांगीकार, दोन शास्त्रपाठ, एक स्तोत्र, दोन भजनं, गावासाठी प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. एवढं सगळ्यांनी मिळून केलं तर ती पुरी उपासना आहे. गावासाठीच्या प्रार्थनेत नावं घ्या: आजारी कोण, पाऊस कसा, तुरीला भाव काय मिळाला, कुणाच्या पोराची परीक्षा आहे. आणि प्रत्येक विनंतीनंतर थोडं थांबा. शांततेला घाबरून लगेच पेटी सुरू करू नका.

येत्या रविवारी उपासनेला दहा मिनिटं आधी या, पुढच्या सतरंजीवर बसा, आणि 136 वं स्तोत्र वाचायला कोण उभं राहणार ते तिथेच ठरवा.