"काय दाबलंत?"

हल्ली घरातल्या वडीलधाऱ्यांना एक ताकीद सारखी ऐकावी लागते. "अनोळखी ईमेल उघडू नका, कुठेही क्लिक करू नका." ताकीद योग्यच आहे. पण संगणक जरा बिघडला की लगेच प्रश्न येतो, "काय दाबलंत?" माझी थोरली बहीण सांगलीला असते. तिला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला, की तिने ईमेल बघणंच सोडलं. अमेरिकेतल्या नातवाचे फोटो येतात, तेही बघत नाही. मला हे पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बोट न लावताही संगणक धोक्यात येऊ शकतो, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. सप्टेंबर २००१मध्ये निमडा नावाचा व्हायरस जगभर पसरला. तेव्हाच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये पत्र नुसतं समोर दिसलं, तरी त्याला जोडलेली फाइल आपोआप सुरू होऊ शकत असे. कारण पत्र दाखवण्याचं काम इंटरनेट एक्सप्लोररचा एक भाग करायचा आणि चूक त्या ब्राउझरमध्ये होती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्च २००१मध्येच दिली होती. पण असंख्य संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती.

जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर सप्टेंबर २०२३ची ऐका. वेबपी नावाच्या प्रकारातली चित्रं उलगडून दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तोच क्रोममध्ये, तोच फायरफॉक्समध्ये आणि तोच थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये. चित्र उलगडताना संगणक आपल्या स्मृतीत ठरावीक जागा राखून ठेवतो. पण मुद्दाम तसं बनवलेलं चित्र त्या जागेत मावत नसे आणि मजकूर बाहेर लिहिला जाई. एका मुलाने स्वतःचं पान संपल्यावर शेजारच्याच्या वहीत लिहायला लागावं, तसं. त्या फटीतून परक्याला आपले हुकूम आत घुसवता येत. ॲपल आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ही चूक कळवली. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्स आणि थंडरबर्डची १२ला. या चुकीचा गैरफायदा घेतला जातोय, हे गूगलने तेव्हाच सांगितलं होतं.

आता सांगा, यात चित्र बघणाऱ्या माणसाचा काय दोष?

प्रोग्रॅम लिहिणारीही माणसंच. चुका होणार, आणि इतक्या लवकर दुरुस्ती दिली याचं कौतुकही आहे. पण दुरुस्ती तयार होणं वेगळं आणि ती ताईच्या टेबलापर्यंत पोचणं वेगळं. आपल्याकडे २००४पासून सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा धोक्यांच्या सूचना काढते. त्या इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या भाषेत असतात. "अमुक प्रोग्रॅम आजच अद्ययावत करा," एवढी दोन ओळींची सूचना सोप्या मराठीत का मिळू नये? हे समजणारी माणसं आपल्यात नाहीत असं थोडंच आहे! क्विक हील उभं करणारे कैलास काटकर आपल्या सातारा जिल्ह्यातलेच, दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले.

दुसरा मुद्दा जुन्या संगणकांचा. मुलं परगावी जाताना आपला जुना संगणक आईवडिलांकडे ठेवून जातात. विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. यंत्र धडधाकट, पण कुलूप जुनं. ते बदलायला हवं हे आईवडिलांना कोण सांगणार? विकणाऱ्या कंपनीची जबाबदारी विक्रीबरोबर संपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर नातेवाईक मंडळींना एवढीच विनंती. "काय दाबलंत?" असं विचारण्याआधी "शेवटचं अपडेट कधी झालं?" हे बघा. दिवाळीला घरी याल तेव्हा अर्धा तास बसून ब्राउझर, ईमेल आणि फोन अद्ययावत करून द्या, आणि अपडेट आपोआप होईल अशी सोय करा. सावधगिरी आम्ही बाळगतोच. पण दुसऱ्याच्या चुकीच्या भीतीने नातवाचा फोटोही बघू नये, ही काही सावधगिरी नव्हे.