पाण्याचा पाइप महाग, फुफ्फुस फुकट!

माणकरांनो, आपल्याकडं धुळीवर ओरड होते ती खिडकीत साचलेल्या थराची आणि गाडीवर बसलेल्या धुरळ्याची. ओरड रास्तच आहे. पण जो माणूस त्या धुळीच्या तोंडाशी दिवसभर बसतो, त्याच्यासाठी एकही तक्रार मी आजवर वाचलेली नाही.

फेज ३ पासून बोडकेवाडीपर्यंत कुठल्याही चालू साइटवर जा आणि किचनचा ओटा कापणारा पोरगा बघा. कोरडं कटिंग, तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्याफटक. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त सिलिका असते. हल्ली फॅशनमध्ये आलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर ९० टक्क्यांच्या आसपास. यातली घातक धूळ डोळ्याला दिसत नाही आणि रुमालाला जुमानत नाही. फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. लक्षणं टीबीसारखी, म्हणून कित्येकदा टीबीचा कोर्स सुरू होतो. वर खऱ्या टीबीचा धोकाही वाढतोच.

'आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते,' असं कुणी म्हणेल. मान्य. पण ओटा काळ्या दगडाचा नसतो, साहेब!

मग पाणी सोडून कापत का नाहीत? हिशोब साधा आहे. पाइप, शॉक लागू नये म्हणून ईएलसीबी, चिखल काढायला एक माणूस. हा खर्च आज आणि ठेकेदाराच्या खिशातून. आजार दिसतो बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांनी. तोवर पोरगा बिहारात नाहीतर नांदेडात, आणि ठेकेदार तिसऱ्याच साइटवर. औषधाचा खर्च त्याच्या बायकोनं करायचा आणि सरकारी दवाखान्यानं. नफा एकाकडं, खोकला दुसऱ्याकडं. अशा हिशोबात पाइप कोण विकत घेईल?

कोळशाच्या खाणींनी हा धडा फार पूर्वी दिलाय. अमेरिकेत १९६८ साली फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ कामगार मेले, तेव्हा कुठं १९६९ चा कायदा आला आणि खाणीतल्या धुळीला मर्यादा घातली गेली. पुढं आजारी खाणकामगारांच्या भरपाईसाठी कोळशावर टनामागं कर बसवला. तरी तो निधी सरकारी तिजोरीचा अब्जावधी डॉलरचा कर्जदार झाला. म्हणजे कोळसा विकून कमावलं कंपन्यांनी, भार आला जनतेवर.

लांब कशाला, गोध्रा बघा. तिथल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत राबून मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये दिला. ७ कोटी १४ लाख रुपये. कुणी द्यायचे? गुजरात सरकारनं! ज्यांनी धूळ उडवली त्यांनी नाही.

आपल्याकडं पैसा नाही, असंही नाही. १९९६ च्या कायद्यानं बांधकाम खर्चावर १ टक्का सेस लागला. ३० लाख बांधकाम खर्चाच्या फ्लॅटमागं ३० हजार. त्यातून कामगार मंडळ पेटी देतं, भांड्यांचा संच देतं. द्यावाच, माझा विरोध नाही. पण कढई मिळाली म्हणून श्वास मिळत नाही.

म्हणून तीन मागण्या.

१. एमआयडीसी आणि पीएमआरडीएनं बांधकाम परवानगीतच अट घालावी : कोरडं कटिंग दिसलं की काम बंद. दंड नको, काम बंदच. दंड बिल्डर खर्चात धरतो, थांबलेला दिवस त्याला परवडत नाही.

२. दगड-टाइल कापणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी सेसच्या पैशातून व्हावी. गावी परतला तरी त्याचा रिपोर्ट त्याच्या हातात असावा.

३. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यावर बंदी घालावी. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून घातलीय. त्यांच्या पोरांची फुफ्फुसं मोलाची आणि आपल्याकडं राबणाऱ्यांची फुकट, असं आहे का?

फ्लॅट घेणाऱ्यांनो, तुम्हीही विचारा. पार्किंग विचारता, पाणी विचारता, मेट्रो किती मिनिटांवर हे विचारता. एकदा विचारा, 'आमचा ओटा पाणी सोडून कापलाय का?' गिऱ्हाइकानं विचारलं की बिल्डरला लगेच ऐकू येतं.

पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव लेखी मांडणार आहे. सही करायला या.