पहिलीच्या वर्गावर कोणाला पाठवावे?

११ ऑगस्ट २०२३ रोजी देवेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि बी.एड. झालेल्यांसाठी पहिली ते पाचवीच्या वर्गांचे दार बंद झाले. तेव्हापासून आपल्या समाजात, विशेषतः वसईच्या धर्मग्रामांतून, एक हळहळ कानी येते. मुलीने पदवी घेतली, तीवर दोन वर्षांचे बी.एड. केले, आणि आता तिला म्हणे पहिलीच्या पोरांना शिकवता येणार नाही! बारावीनंतर डी.एड. केलेली मात्र चालते! हा कुठला न्याय?

ही हळहळ खोटी नाही. शेतीवाडीच्या नि नोकरीच्या तुटपुंज्या कमाईतून आईबापांनी फी भरली, मुलीने कष्ट केले आणि नियम मधल्यामध्ये बदलला. तिच्या दुःखाची टर उडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु या हळहळीच्या मुळाशी एक समजूत आहे आणि माझे भांडण त्या समजुतीशी आहे. ती समजूत अशी, की शिक्षण ही एक शिडी असून जो वरच्या पायरीवर पोचला त्याला खालच्या सर्व पायऱ्या आपोआप येतात. जो दहावीला बीजगणित शिकवू शकतो, त्याला पहिलीची बेरीज शिकवणे म्हणजे डाव्या हाताचा मळ!

आधी घडले काय ते थोडक्यात पाहू. शिक्षणहक्क कायदा २०१० साली अंमलात आल्यावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी २३ ऑगस्टला प्राथमिक शिक्षकाची किमान पात्रता ठरवली. बारावीनंतरची दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका हा तिचा गाभा होता. पुढे २८ जून २०१८ रोजी परिषदेने बी.एड. पदवीधरांनाही या वर्गांवर प्रवेश दिला. अट एकच: नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम पूर्ण करावा. म्हणजे नाव आधी खाडीत लोटायची आणि वल्हे मारायला मागाहून शिकवायचे! आणि नावेत बसलेले कोण, तर सहा वर्षांची मुले. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ साली ही अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या तारखेपूर्वी रीतसर नेमलेल्या शिक्षकांना न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अभय दिले, हे योग्यच झाले.

बी.एड. हा अभ्यासक्रम वाईट आहे असे न्यायालय म्हणाले नाही, मीही म्हणत नाही. तो सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आखलेला आहे, असे खुद्द परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत नमूद आहे. त्यात विद्यार्थी विषयांच्या अध्यापनपद्धती शिकतो: इतिहासाची, विज्ञानाची, मराठीची. पहिलीच्या वर्गात मात्र इतिहास नाही की विज्ञान नाही. तिथे मूल आहे.

एक साधे उदाहरण घ्या. बावन्नातून सत्तावीस वजा करा, असे दुसरीच्या मुलाला सांगितले आणि त्याने उत्तर काढले पस्तीस. गणिताचा द्विपदवीधर तांबडी फुली मारून पुढे जाईल. फार तर 'नीट लक्ष दे' म्हणेल. पण मुलाने लक्ष दिलेच होते! दोनातून सात जात नाहीत, हे पाहून त्याने सातातून दोन वजा केले आणि पाच लिहिले. मग पाचातून दोन, तीन. मोठ्या आकड्यातून लहान आकडा जातो, हा नियम त्याला कोणीतरी शिकवला होता आणि तो त्याने इमानाने पाळला. दशक सोडवून त्याचे दहा एकक करता येतात, हे त्याच्या हाताला अद्याप कळलेले नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे हवेत: दहा-दहाचे पाच आणि दोन सुट्या. त्यातला एक गठ्ठा त्याने स्वतः सोडला पाहिजे. ही चूक ओळखायला गणिताचे ज्ञान लागते, पण ते वेगळ्या जातीचे. सहा-सात वर्षांच्या डोक्यात संख्या कशी उभी राहते, याचे ते ज्ञान आहे आणि विद्यापीठाच्या कोणत्याही पदवीत ते मिळत नाही.

भाषेचेही तसेच. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारे आपले मूल जूनमध्ये शाळेत येते आणि पाठ्यपुस्तकातली मराठी प्रथमच अशी सलग ऐकते. त्याच्या घरच्या शब्दाला 'असे बोलू नये' म्हणणारी बाई आणि तो शब्द फळ्यावर लिहून त्याशेजारी पुस्तकातला शब्द मांडणारी बाई, या दोघींत जे अंतर आहे, ते टक्केवारीत मोजता येत नाही. त्या मुलाचे पुढचे दहा वर्षांचे शालेय आयुष्य मात्र त्या अंतरावर ठरते.

कोणी म्हणेल, मग पदवीधरांनी लहान मुलांना शिकवूच नये काय? जरूर शिकवावे! आपल्याच जिल्ह्यातल्या कोसबाडकडे पाहा. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या. ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षण शिकायला आणि करायला गेल्या. अनुताई वाघ व्हर्नाक्युलर फायनल व प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण एवढ्या शिदोरीवर या क्षेत्रात आल्या. पदवी त्यांनी फार पुढे घेतली. १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला दोघींनी खांद्याला खांदा लावून काम केले. एकीला पदवीने अडवले नाही, दुसरीला पदवीच्या अभावाने अडवले नाही. लहान मुलाचे शास्त्र मात्र दोघींनाही वेगळे शिकावे लागले.

खरा प्रश्न असा, की पदवीधराला प्राथमिक वर्गावर आणायचे तर कोणत्या वाटेने आणावे आणि त्या वाटेच्या तोंडाशी काय तपासावे? इंग्लंडमध्ये ही वाट फार वर्षांपासून आहे. तिथे पदवीनंतरचा पी.जी.सी.ई. हा साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम प्राथमिकसाठी वेगळा आणि माध्यमिकसाठी वेगळा असतो. कुठल्या वाटेने जायचे ते उमेदवाराने अर्ज करतानाच ठरवायचे. पदवी तर हवीच. शिवाय सोळाव्या वर्षी होणाऱ्या, आपल्या दहावीच्या तोडीच्या जी.सी.एस.ई. परीक्षेत इंग्रजी व गणितात किमान चौथी श्रेणी हवी. इथे एक बारकावा आहे, तो आपल्याकडच्या धुरीणांनी लक्षपूर्वक पाहावा. प्राथमिकसाठी येणाऱ्याला याच दोन विषयांच्या जोडीला विज्ञानातही ती श्रेणी लागते. माध्यमिकसाठी येणाऱ्याला ही जादा अट नाही! ज्याला सगळेच विषय शिकवायचे, त्याच्याकडे दारातच अधिक मागायचे, असा तो सरळ हिशेब. उमेदवाराची वृत्ती व नीतिमूल्ये या कामास साजेशी आहेत ना, याची खात्री संस्थेने प्रवेशापूर्वीच करावी, असेही तेथील सरकारी निकष बजावतात. मग वर्षभरात किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळांत काढायचे, तेही एकाहून अधिक शाळांत. इंग्लंडच्या शाळा म्हणजे नंदनवन, असे मला म्हणायचे नाही; शिक्षकांची चणचण त्यांनाही छळते. परंतु प्राथमिक शिक्षक हा माध्यमिक शिक्षकाची कच्ची आवृत्ती नव्हे, एवढे त्यांच्या प्रवेशाच्या अटींवरून तरी कळते.

आपल्या अटी काय सांगतात? बी.एड.ला पदवीस ५० टक्के, पदविकेला बारावीस ५० टक्के, राखीव गटांना त्यात सवलत. ते टक्के कोणत्या विषयात मिळाले, हे कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रातील बी.एड.ची सीईटी सामान्य ज्ञान, बौद्धिक क्षमता आणि शिक्षकी कल यांवर बहुपर्यायी प्रश्न विचारते. चार पर्यायांत खूण करून शिक्षकी कल सिद्ध होत असेल, तर मतपत्रिकेवर शिक्का मारणारा प्रत्येक मतदार राज्यकर्ता म्हणावा लागेल! नंतरची टीईटी थोडी बरी. निदान तिच्या पहिल्या पेपरात बालविकास, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. पण तीही केवळ खुणांचीच, आणि पैसे घेऊन गुण वाढवून दिल्याचे जे प्रकरण २०२१ साली महाराष्ट्रात उघडकीस आले, त्याने तिचीही अब्रू गेली. प्रवेश देताना किंवा टीईटी घेताना उमेदवाराला सहा वर्षांच्या मुलासमोर बसवून कोणी पाहत नाही.

आता घरच्या अंगणात येतो. आपल्या संस्थांच्या शाळा अल्पसंख्याक म्हणून २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने शिक्षणहक्क कायद्याबाहेर राहिल्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांवरही टीईटी बंधनकारक केली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपवला. तेव्हापासून आपल्याकडे एकच विचारणा: 'आपल्याला लागू होणार का?' वकिलाला हा प्रश्न विचारणे शोभते. शाळा चालवणाऱ्याने तो पहिला प्रश्न करू नये. घटनेच्या कलम ३० ने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. नुकतीच वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या, कसलेही प्रशिक्षण नसलेल्या मुलीला तुटपुंज्या पगारावर बालवर्गात उभे करण्याचा हक्क त्यात कुठे लिहिला आहे? आणि हे घडते ते मुख्यत्वे इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित वर्गांत, जिथे आपण पालक हौसेने रांगा लावतो. दहावीच्या वर्गाला उत्तम शिक्षक, पहिलीला मिळेल तो, ही उतरंड आपण सर्वांनी मिळून रचली आहे. शिक्षक-पालक सभेत दहावीच्या निकालावर तासभर खल होतो. पहिलीच्या बाईंचे शिक्षण काय, हे विचारायला कोणाचा हात वर होत नाही.

डी.एड.लाही मी डोक्यावर घेत नाही. एके काळी गल्लोगल्ली अध्यापक विद्यालये निघाली, मग भरती थांबली आणि ती ओस पडली. त्यांतली कित्येक केवळ प्रमाणपत्रांची दुकाने होती. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हायची आहे. २०२३-२४ पासून सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात शालेय टप्प्यांप्रमाणे वेगळी तयारी आखलेली आहे, ही समाधानाची बाब होय. पण बारावीलाच आपली वाट न ठरवलेल्या, पदवीनंतर लहान मुलांकडे ओढा वाटणाऱ्या तरुण-तरुणींचे काय? २०११ च्या दुरुस्तीनुसार पदवीनंतर प्राथमिकची पदविका करता येते, पण 'पदवी घेऊन पुन्हा डी.एड.ला बसायचे?' हा प्रश्न आपणच नाक मुरडून विचारतो. पदवीनंतरचा, खास प्राथमिकसाठी आखलेला, पदविकेहून प्रतिष्ठेने कणभरही कमी नसलेला अभ्यासक्रम राज्याने सुरू करावा, ही मागणी आपल्या संस्थांनी एकमुखाने केली पाहिजे. त्याच्या दारात मातृभाषा, गणित आणि विज्ञान यांची दहावीच्या तोडीची लेखी परीक्षा असावी आणि त्याआधी पंधरा दिवस बालवाडीत किंवा पहिलीत बसवून तिथल्या अनुभवी बाईंचा अभिप्राय घ्यावा.

राज्य केव्हा करील ते करो. हे पंधरा दिवस आणि ही लेखी परीक्षा आपल्या शाळांच्या नेमणुकांत घालण्यास मात्र कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. येत्या जूनच्या नेमणुकांच्या जाहिराती थोड्याच दिवसांत निघतील. त्यांत पहिलीच्या शिक्षिकेसाठी काय मागितले आहे आणि पगार किती लिहिला आहे, ते प्रत्येक धर्मग्रामातील पालकांनी वाचून पाहावे आणि पटले नाही तर व्यवस्थापकांच्या दारी जाऊन विचारावे.